डावं पान

नाना, तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुमच्या हयातीत गरज पडली नाही. आपण एकाच घरात राहत होतो आणि एकमेकांशी न बोलणं आपल्याला टपालाशिवायही छान जमत होतं. तुम्हाला जाऊन आता दोन तपं उलटली. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता त्याहून एका वर्षाने मोठा. ह्या एका वर्षाच्या वडीलकीचा आधार घेऊनच आज धीर करतो आहे.

मी बीडला असतो. धंदा तोच, तुम्ही पाहिलेला. तेव्हा फुकट करत होतो, आता त्याचे पैसे मिळतात. नगरकडच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला माझा एक लेख येतो. इथे निजामाच्या मोगलाईत छापायची सोय नाही, म्हणून इकडच्या माणसांना हसायचं ते हद्दीपलीकडच्या छापखान्यातून. संपादकांची अट एकच: कागदाच्या एकाच बाजूला लिहा, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला पान उलटावं लागत नाही. वतनदार, वकील, कीर्तनकार, सुधारक, कोणालाही मी सोडत नाही. लोक रस्त्यात थांबवून सांगतात, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवता. मी मान तुकवतो. कोणाच्या वर्मावर बोट ठेवून हात बसला, ते त्यांना ठाऊक नाही.

पण तीन-चार महिन्यांपासून माझं काही खरं नाही. झोप लागत नाही. डोक्यात जातं फिरल्यासारखी घरघर असते आणि जात्यात दळायला काही नसतं. हकीमसाहेबांनी गुलकंद दिला, तो मुलांनी खाल्ला. चार दिवसांपूर्वी सकाळी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून मी तुमच्या सुनेवर असा ओरडलो की शेजारची म्हैस दावं ओढून उभी राहिली. सुनेने वाटी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "जावा, आधी लिवून या. मग बोला."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. हे वाक्य मी पंचवीसहून अधिक वर्षांनी ऐकत होतो. "तुला कोणी शिकवलं हे?" "आत्याबाईनं," ती म्हणाली, म्हणजे मायनं. "जाताना दोन वस्तू माझ्या हवाली केल्या त्यांनी. एक हे वाक्य आन् एक बासन. म्हनाल्या, लेकाचं डोकं फिरलं की दे. त्याच्या आदी देऊ नको, टिंगल करंल." आणि तिने आतून लाल खारव्यात बांधलेली तुमची वही आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

केजचं आपलं स्वयंपाकघर मला आजही पुसट झालेलं नाही. पूर्वेकडे तोंड, चुलीशेजारी उंबरा, उंबऱ्यावर उजेडाची पट्टी. त्या पट्टीत तुम्ही आंघोळ करून बसलेले असता, अंगात बंडी, डोक्याला अजून रुमाल नाही. कचेरीचा रुमाल बांधायच्या आधी वही, हा तुमचा नेम. मांडीवर फळी, शेजारी काजळाच्या शाईची दौत, बोरूची करकर. माय भाकरी थापते आहे आणि तिच्या थापण्याची आणि तुमच्या बोरूची लय कधी जुळते, कधी चुकते. आपल्या मूळ गावी सिरसाळ्याला घरात सगळ्यांनी नांगर धरला, लेखणी धरणारे पहिले तुम्हीच. गावच्या कुलकर्ण्याकडून मोडी, मशिदीतल्या मौलवींकडून उर्दू, आणि त्या दोहोंच्या बळावर तहसील कचेरीत मुन्शी. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांचे जबाब, दुसऱ्यांच्या सह्या, सगळं सरकारच्या भाषेत. सकाळची ही अर्धी घटका मात्र मोडीत आणि तुमची. उजव्या पानावर घडलं ते लिहायचं. डाव्या पानावर ते घडताना आत काय झालं ते लिहायचं. उजवं पान चार ओळींत संपायचं. डावं पान तुम्ही कधीकधी मागे पुढे झुलत भरत बसायचा, आणि भरून झालं की चेहरा धुतल्यासारखा दिसायचा.

घरात ह्या वहीचा एक रिवाज पडून गेला होता. तुम्ही कचेरीतून तापून आलात, आवाज चढायला लागला, की माय पदराला हात पुसत म्हणायची, "कावून चिडता? जावा, लिवून या. मी हितंच हाय. भांडान बी हितंच हाय." तुम्ही खरंच जायचा. परत यायचा तेव्हा भांडण कुठे ठेवलं होतं ते तुम्हाला सापडायचं नाही. मायला अक्षर येत नव्हतं, म्हणून वही तिच्या राखणीत असायची. स्वयंपाकघरातल्या उतरंडीत, खालून दुसऱ्या मडक्यात, बाजरीवर. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्याहून भरवशाचा पहारेकरी नाही, असा तुमचा हिशोब असावा. वाचता येणारं माणूस घरात तुम्ही स्वतःच तयार करत होता, हे तुमच्या लक्षात आलं नाही. मोडी मला तुम्हीच शिकवली.

मी एकोणीस वर्षांचा होतो तो दसरा. पाटीपूजन झालं आणि तुम्ही मला एक कोरी वही दिली. कागद बाजारातून आणलेला, शिवण तुमच्या हातची, वर तसाच लाल खारवा. कचेरीतला एक ताव कधी घरी आणला नाहीत तुम्ही. वही देताना म्हणालात, "उजवं पान न्हाई लिवलं तरी चालंल. डावं सोडू नगो." मी विचारलं, "त्यात लिहायचं काय?" तुम्ही म्हणालात, "जे दुसऱ्याला सांगताना तू बदलून सांगतोस, ते." मी ती वही घेतली, तुमच्या पाया पडलो, आणि सहा महिन्यांत तिच्यात काय भरलं म्हणाल तर शिमग्याच्या सोंगाचे संवाद. दोन्ही पानांवर.

केजच्या शिमग्यात तेव्हा धुळवडीला चावडीसमोर खोटी कचेरी भरायची. बाजेवर गोधडी टाकून गादी, डोक्यावर दुरडी पालथी घातलेला तहसीलदार, आणि फिर्यादी असे की बोकडाने कुत्र्यावर अब्रूचा दावा लावलाय. त्या दिवशी जे बोललं जाईल त्याचा राग पाडव्यापुढे न्यायचा नाही, असा गावाचा करार होता. खरे अंमलदारसुद्धा येऊन उभे राहायचे आणि स्वतःची फजिती ऐकून हसायचे. त्या वर्षी मुन्शीचं सोंग माझ्याकडे आलं. मला वाटलं, नुसतं कानात बोरू खोचून काय होतंय, मुन्शीकडे वही पाहिजे. आणि उतरंड आठवली.

चार दिवस, तुम्ही कचेरीत गेलात की, मी माळ्यावर बसून तुमची वही वाचली आणि संध्याकाळी परत मडक्यात ठेवली. हसू यायचं, अधूनमधून दुसरंही काही यायचं, त्याला मी नाव दिलं नाही. कुठली पानं घ्यायची, कुठे थांबायचं, कुठे सुस्कारा टाकायचा, ह्याच्या खुणा करून ठेवल्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं संपादन म्हणायचं ते.

धुळवडीची दुपार. मी तुमचा जुना रुमाल बांधलाय, मान तुमच्यासारखी जरा डावीकडे कललेली, आवाज तुमचा, नाकातून किंचित. "ही एका मुन्शीची वही," असं सांगून मी वाचायला लागतो. "आज चुलीपाशी ओरडलो. भाकरी करपली नव्हती. मीच कचेरीतून करपून आलो होतो." लोक लोटपोट. "आज वाटेत भावकीतला माणूस दिसला. मी बोळातून वळलो. त्याने मला पाहिले की नाही, ह्याचा विचार संध्याकाळपर्यंत." कोणीतरी ओरडतं, "वाच बे, थांबू नगो, अजून वाच!" आणि मी ते पान काढतो. "पेशकारांनी कागद अंगावर फेकला. चौघांसमोर. मी वाकून उचलला आणि हसलो. राग आला होता, तर हसू कुठून आले? हे हसू माझे नव्हे. कोणाचे आहे ते पाहणे."

पेशकार म्हणजे तुमचा वरचा अंमलदार, हे केजमध्ये कोणाला सांगायची गरज नव्हती. गर्दीतल्या माना एकेक करून लिंबाच्या झाडाकडे वळल्या. तिथे तुम्ही उभे होता, बाहीवर गुलाल, हातात कोणीतरी दिलेली रेवडी. आणि तुमच्याशेजारी खुद्द पेशकार. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "क्या मुन्शीजी! हमना भी जगा दिए किताब में? बडी मेहरबानी किए!" लोकांना वाटलं, मोठ्या दिलाचा माणूस. मला वाटलं, मी मोठा कलावंत. तुम्ही रेवडी तोंडात टाकली.

करार गावाचा होता, कचेरीचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाय आत टाकला की पेशकार विचारायचे, "क्या मुन्शीजी, आज का पान लिख के आए क्या?" रोज. पाडवा उलटला, पाऊस पडला, जोंधळा काढला, तरी रोज. बाकीचे हसायचे आणि तुम्हीही हसायचा. हे मला फार उशिरा, तुमच्याच कचेरीतल्या एका म्हाताऱ्या चपराशाने सांगितलं. घरी तुम्ही कधी विषय काढला नाहीत.

पण धुळवडीच्या त्याच दिवसाची संध्याकाळ. मी मोरीत बसलोय, अंगावरचा रंग सुटत नाही, आणि माझी पाठ तुम्ही घासून देताय. लोटीने पाणी ओतता ओतता तुम्ही विचारलंत, "किती दिस वाचलीस?" मी म्हणालो, "चार." "समदी?" "समदी." लोटी थांबली. "शेवटचं डावं पान बी?" मी तोंडावरचं पाणी निपटत म्हणालो, "तेवढं राहिलं, नाना. तेवढ्यात दरबार बरखास्त झाला." आणि मान वळवून पाहिलं, की विनोद लागला का. तुम्ही हसलात. तसं हसू मी घरात कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. दुपारी तेच तर मी आख्ख्या गावाला करून दाखवत होतो. कागद उचलतानाचं, पेशकारांसमोरचं. ते आता मला मिळालं होतं. "पाठ झाली," म्हणालात आणि लोटी ठेवून उठलात.

वही तुम्ही परत मडक्यात ठेवलीत. पुन्हा काढली नाहीत. आठवड्याभराने कशावरून तरी तुमचा आवाज चढला आणि माय सवयीने म्हणाली, "जावा, लिवून या." तुम्ही म्हणालात, "लिवन्यासारखं काय न्हाई." मग पुढची चार वर्षं भांडण घरात सापडायला लागलं. ताटं आपटली. बैलाला मारलंत एकदा, तुम्ही, ज्यांनी कधी कुत्र्याला हाड म्हटलं नव्हतं. नंतर तेही थांबलं आणि तुम्ही नुसते उंबऱ्यावर बसायला लागलात, उजेडाच्या त्याच पट्टीत, फळी नाही, दौत नाही. फक्त उजव्या हाताचं बोट मांडीवर हलत असायचं. धोतरावर. डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की परत मागे. मी मित्रांना त्याचीही नक्कल करून दाखवली आहे. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तापाच्या साथीत तुम्ही आजारी पडलात तेव्हा बोट गोधडीवर फिरायला लागलं. वाचा गेली होती, बोट चालू होतं. माय उशाशी बसलेली. मी दारात. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय लिवत्यात बघ की. तुला तर ह्यांचं लई वाचता येतं." नाना, माझ्या तीस वर्षांच्या लिखाणात असा घाव मला एकदाही घालता आलेला नाही. मी जवळ बसलो, बोटावर नजर लावली. मोडीत हात उचलत नाहीत, अक्षराला अक्षर जोडून ओळ पळते, आणि गोधडीवर शाई राहत नाही. एक 'अ' ओळखू आल्यासारखा वाटला. पुढचं गेलं. मी तरीही मायला सांगितलं, "देवाचं नाव लिहितायत." ती म्हणाली, "ते कधी लिवत नव्हते देवाचं नाव." दुसऱ्या दिवशी बोट थांबलं.

मी माणसाला हसलो असतो तर कदाचित विसरलो असतो. मी त्याचं औषध चव्हाट्यावर मांडलं, आणि उघड्यावर ठेवलेल्या औषधाचा गुण जातो. तुम्ही स्वतःला तपासत होता, रोज सकाळी, कोणी सांगितलं नसताना, आणि त्यामुळे आपलं घर धड होतं. मी समजत होतो की भित्रा माणूस वहीत शूर होतो. आता, जेव्हा माझंच डोकं फिरतं आहे, तेव्हा समजतं की पेशकाराला उलटून बोलणं त्या मानाने सोपं होतं.

आमटीच्या त्या सकाळपासून मीही बसलोय लिहायला, सुनेच्या हुकमाने. काय सांगू. पहिल्या दिवशी डाव्या पानावर तीन ओळी लिहिल्या आणि तिसरी वाचून स्वतःच खूश झालो. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "मला भीती वाटते," आणि पुढे उपमा शोधत बसलो. भीती कसली ते राहिलं, उपमा मात्र चांगली सापडली, ती पुढच्या लेखात घालीन. तिसऱ्या दिवशी एक आख्खं पान इतकं प्रामाणिक उतरलं की मी ते नगरला पाठवून दिलं. संपादकांना पसंत पडलं तर छापतील. मला उजवं पान येतं, नाना. डाव्या पानावर मी गेलो की माझ्या आधी तिथे माणसं येऊन बसलेली असतात, हसायला तयार.

सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग ज्याला हसू येनार न्हाई त्याला लिवा." म्हणून हे पत्र. तुम्हाला हसू येणार नाही, ही खात्री मीच करून ठेवलेली आहे.

आता ते शेवटचं डावं पान. आज वही उघडली ती आधी तिथेच. बघायचं होतं की मला नीट आठवतं की नाही. अक्षर न् अक्षर आठवत होतं. तुम्ही लिहिलंय: "पोराला दसऱ्यास वही दिली. अद्याप कोरी असावी. त्याची जीभ माझीच आहे. मी ती येथे बांधून ठेवली, त्याने मोकळी सोडली आहे. वहीत उतरली तर निवेल. न उतरली तर कोणास तरी लागेल. लागायची तर मला लागो. त्याच्या आईस लागू नये. त्यास हे सांगणे. धीर होत नाही."

हे मी वाचलं होतं, नाना. माळ्यावर, चौथ्या दिवशी, चांगलं दोनदा. मोरीत तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. आणि चावडीपुढे हे पान गाळलं ते लाज वाटून गाळलं असतं तरी आज थोडा आधार झाला असता. माझी खूण अजून कोपऱ्यात आहे, शिसपेनाने केलेली, एक फुली. फुलीचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. इथे हशा येणार नाही.

पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. वहीत घालून बासन बांधीन आणि सुनेकडे देईन, तिच्या उतरंडीत जागा आहे. आत्ता पानं गोळा करताना मात्र एक गोष्ट दिसली. मघापासून लिहितोय ते सगळं कागदाच्या एकाच बाजूला लिहिलंय. हात आपोआप तसा चालला. तुम्हाला पत्र लिहितोय म्हणत होतो आणि खिळे जुळवणाऱ्याची सोय बघत होतो. म्हणून हा शेवटचा मजकूर पहिलं पान उलटून त्याच्या पाठीवर लिहितो आहे. शाई पलीकडून फुटली आहे, पुढच्या बाजूचं अक्षर नीट लागत नाही, आणि असलं पान छापखान्यात चालत नाही.